अंकिताचं समुद्रात जाणं

लालासाहेबांना मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा त्यांची कॉट कुठे टाकायची हे कुणी मालनला विचारलं नाही. तिचे थोरले दीर उदयसिंह आणि शेजारचे नानासो यांनी ती बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून टाकली. तिथं उजेड येतो, येणाऱ्या-जाणाऱ्याशी चार शब्द बोलता येतात, असं उदयसिंह म्हणाले. त्यांचं बरोबरच होतं. पण हंबीररावाची, मालनच्या नवऱ्याची, कॉटही त्याच जागी होती. वर्षानुवर्षं होती. मालन हातात उशी घेऊन दारातच थांबली. तिच्या लक्षात आलं, की सासूबाई बनुबाईसुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभ्या राहून तिकडेच बघताहेत. दोघींची नजरानजर झाली. मालनने पुढे होऊन सासऱ्यांच्या डोक्याखाली उशी सरकवली.

गोठ्यात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि ऐंशी ओलांडलेल्या लालासाहेबांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं होतं. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं, की रोज उभं करायचं, वॉकर धरून चालवायचं, जितकं पडून राहतील तितकं उठणं अवघड होत जाईल. दवाखान्यात दोन माणसांनी धरून त्यांना उभं केलंही होतं. पण घरी आल्यापासून त्यांनी पाय खाली टेकला नव्हता. कऱ्हाडहून व्यायाम शिकवणारी बाई आली, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बनुबाईंनी तिला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "आठ-पंधरा दिस आराम पडू द्या त्यास्नी. मग बघू."

अशात मालनची लेक अंकिता आली. बंगळुरूहून रात्रभर प्रवास करून सकाळी उंब्रजच्या फाट्यावर उतरली आणि काकांच्या, उदयसिंहतात्यांच्या, मोटरसायकलवर मागे बसून, उसाच्या ट्रॉल्या चुकवत घरी पोचली. पाठीवर एकच पिशवी. एवढ्या मोठ्या प्रवासाला निघालेली पोर, आणि सामान म्हणावं तर शाळेच्या दप्तराएवढं. मालनने विचारलं, तर म्हणाली, "तिथं ठेवायला जागाच नाही आई. सगळे मिळून एका एसटीएवढ्या जागेत राहणार."

तिथं म्हणजे समुद्राच्या तळाशी. हे फोनवर सांगून झालं होतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी ते कुणाच्या पचनी पडलेलं नव्हतं. मालनच्या तर नाहीच. पण पोरीची वाट कुठून सुरू झाली ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

हंबीरराव फौजेत होता. डोंगरात लष्कराचा ट्रक दरीत गेला आणि त्याच्या पाठीचा कणा मोडला. घरी आणला तेव्हा कमरेखाली काही उरलं नव्हतं. अंकिता तेव्हा चौथीत होती. संपूर्ण आराम, एवढंच गावाकडचे डॉक्टर सांगत. घराने तो आराम व्रतासारखा पाळला. बनुबाई स्वतः त्याला भरवायच्या, कूस मालन बदलायची. शाळेतून आली, की वडलांच्या पायांना तेल लावायचं काम अंकिताचं. सातवीत असताना एक दिवस तिने विचारलं, "बाबांना लागलं पाठीत. मग पोटऱ्या का बारीक व्हायला लागल्यात?" गावातल्या डॉक्टरांनी सांगितलं, वापर नाही म्हणून. "मग मांस जातं कुठं?" पोरगी म्हणाली. डॉक्टर हसले. तिला काही हसू आलं नाही. ती बारावीत असताना, थंडीत, हंबीररावाच्या छातीत कफ साठला आणि त्यातच तो गेला. प्रश्न मात्र तिच्याजवळ राहिला.

त्या प्रश्नामागे ती आधी कऱ्हाडच्या कॉलेजात गेली, मग पुण्याला, मग जर्मनीत. तिथून एकदा फोनवर सांगत होती, "आई, इथं धडधाकट माणसं महिनोनमहिने मुद्दाम पलंगावर झोपवून ठेवतात. उठायचं म्हणून नाही. आणि आम्ही त्यांच्या पोटऱ्या मोजतो." मालनला आधी हसूच आलं. मग अंकिताने सांगितलं, की अंतराळात माणसाला वजन नसतं, पायांवर भार येत नाही, म्हणून तिथं गेलेल्यांची हाडं-मांस अगदी अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखी झिजतात. ते कसं थांबवायचं, तेच ती शोधतेय. "म्हंजी तुज्या बाबांसारकंच?" मालनने विचारलं. "तेच, आई. तंतोतंत तेच." त्या दिवशी फोन ठेवून मालन गोठ्यात जाऊन रडली होती. दुःखाने की कशाने, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

आता अंतराळवीरांच्या शरीरावर काम करणाऱ्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत अंकिताला चार वर्षं होत आली होती. चंद्रावर जाऊ घातलेल्या लोकांची रंगीत तालीम समुद्राखालच्या घरात होते. अडचणीची जागा, बाहेर मरण, मदत लांब, सगळं तसंच. त्या तालमीसाठी देशोदेशीचे लोक निवडले होते, त्यात ही एक. कमरेला आणि पायांना बांधायच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचा व्यायाम तिने बसवला होता, तो तिथं सगळ्यांकडून करून घ्यायचा होता. दहा-बारा दिवसांनी निघायचं होतं.

रविवारी शिराळ्याहून भामाबाई आली. लालासाहेबांची मधली लेक, अंकिताची आत्या. आल्या आल्या ती वडलांच्या कॉटवर बसली, त्यांचे पाय चेपले आणि लगेच भाचीकडे वळली.

"आता एकदा नीट सांग बाई. समुद्रात म्हंजी बोटीवर?"

"नाही आत्या. पाण्याखाली. तळाला लोखंडी घर आहे."

"दार हाय का त्याला?"

"आहे की. खालच्या अंगाला. नुसतं भोकच म्हण. त्यातनं पाण्यात उतरायचं, काम करायचं, परत आत यायचं."

"भोक हाय आन् पानी आत येत न्हाई?" हे बनुबाईंनी विचारलं. त्या दाराशी शेंगा फोडत बसल्या होत्या. इतका वेळ आपलं लक्षच नाही असं दाखवत होत्या.

अंकिता उठली. मोरीतून पाण्याची बादली आणि एक तांब्या घेऊन आली. तांब्या पालथा धरून तिने सरळ पाण्यात दाबला. "आता ह्याच्यात पाणी शिरलं का आजी? हात घालून बघ."

बनुबाईंनी पदर खोचला, कोपरापर्यंत हात बादलीत घातला आणि तांब्याच्या आत बोटं फिरवली. "कोरडा हाय," त्या म्हणाल्या. मग तांब्या स्वतःच दाबून बघितला, वाकडा करून बुडबुडे सोडून बघितले, पुन्हा पालथा घातला. थोडा वेळ सगळेच त्या बादलीभोवती जमले. उदयसिंह हसून म्हणाले, "तुमची नात त्या तांब्यात बसणार आई."

"आन् आबांला काय झालं तर?" भामाबाईने वडलांकडे बघत विचारलं. "तांब्यातनं कवा भाईर यायची ही?"

अंकिताने लपवलं नाही. "लगेच येता येत नाही. तिथं हवेचा दाब जास्त असतो, ती हवा रक्तात मुरते. एकदम वर आलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं अंगात. माणूस मरतं त्यानं. दिवसभर हळूहळू दाब उतरवतात, मग वर. आणि तिथून इकडं यायला आणखी दोन दिवस."

"ऐकलं का दादा? म्हंजी हितं काय बरं-वाईट झालं तरी ही समुद्राच्या तळालाच."

"मी लडाखला हुतो तवा आईचं पोटाचं ऑपरेशन झालं. आलो का मी?" उदयसिंह फौजेतून सुभेदार होऊन परतले होते, आणि घरात अजूनही त्याच आवाजात बोलत. "पोस्टिंग आली की जायाचं. ह्या घरातनं कुनी मागं फिरल्यालं न्हाई."

बनुबाईंनी ओला हात लुगड्याला पुसला. नातीकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "तुजं समदं शिक्षान पडल्याल्या मानसांचं. हितं एक मानूस पडलाय. त्याला सोडून तू चाललीस कुनाला बघाय?"

अंकिताने बादली उचलून नेली. मालनचं लक्ष सासऱ्यांकडे गेलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेल्या माणसाचा श्वास तिला ओळखता यायचा. हा तसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं खिडकीतून कॉटवर आली तेव्हा, अंकिताने वॉकर पुढे आणून ठेवला. उदयसिंह एका बाजूला, ती एका बाजूला. वॉकर हलू नये म्हणून भामाबाई समोरून धरून उभी. "आबा, दोन मिनिटं फक्त. पाय टेकायचा आणि परत बसायचं." लालासाहेबांना बसतं केलं, पाय खाली सोडले, उचललं. पाय जमिनीला लागला आणि ते कळवळून ओरडले. मालनने त्यांना असं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात आतून बनुबाई धावत आल्या आणि नातीचा हात त्यांनी झटकून टाकला.

"हात लावू नगंस. माझा एक ल्योक असाच मोडून आणला घरी. आता ह्यास्नी मोडतीस व्हय?"

लालासाहेब कॉटवर कोसळल्यासारखे बसले. त्यांच्या कपाळावर घाम होता. तो बघून उदयसिंहांचाही चेहरा बदलला. "बास झालं अंके. तुज्या प्रयोगशाळेतली मानसं न्हवं ही."

"तात्या, दुखणारच. पण हाड भक्कम बसवलंय, डॉक्टरांनी एक्स-रे पाठवलाय मला..."

"बास म्हनलं न्हवं."

"टेकला हुता की पाय आबांनी," भामाबाई म्हणाली. "म्या बघितलं. चांगला टेकला हुता."

कालपर्यंत भाचीला जाऊ नको म्हणणारी भामाबाई आज तिच्या बाजूने बोलत होती, आणि तिला जा म्हणणारे उदयसिंह पाठ करून शेताकडे निघून गेले होते. पण भामाबाईचं ऐकायला कुणी नव्हतं. अंकिताने वॉकर उचलून भिंतीला टेकवून ठेवला.

त्यानंतर दोन दिवस कुणी विषय काढला नाही. लालासाहेब पडून राहिले. जेवण बनुबाई भरवायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मालन धुणं घेऊन निघाली होती, तेव्हा त्यांना खोकला आला. ओला, खोलवरचा, अर्ध्यातच दम संपणारा. मालनचे पाय जागच्या जागी थांबले. तो खोकला तिने याच खोलीत ऐकला होता.

धुणं वाळत घालायला ती गच्चीवर गेली, तर अंकिता पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहून फोनवर इंग्रजीत बोलत होती. मालनला सगळं समजलं नाही, पण समजायचं ते समजलं. घरची अडचण, दुसरी मुलगी, उद्यापर्यंत सांगते.

"न्हाई जात व्हय?" फोन बंद झाल्यावर मालनने विचारलं.

"राखीव म्हणून एक जण असते. तिला पाठवतील." अंकिता आईकडे न बघता म्हणाली. "छाती भरायला लागलीय आबांची. मी नसले तर इथं कोण उठवणार त्यांना? आणि असले तरी कुठं उठवू देतात."

मालनने ओलं लुगडं पिळलं, दोरीवर टाकलं, टोकं सारखी केली. मग जो प्रश्न तिने किती तरी दिवस मनातल्या मनात गिळला होता, तो तिच्या तोंडून आला.

"एक खरं सांगशील का? तुज्या बाबास्नी आपन उठवलं असतं तर?"

खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. त्याचा आवाज विरेपर्यंत अंकिता तिकडेच बघत राहिली.

"चालले नसते ते," ती म्हणाली. "कणाच तुटला होता. पण रोज बसवलं असतं, हातांचा-छातीचा व्यायाम घेतला असता, खुर्चीत घालून बाहेर नेलं असतं, तर छातीत कफ असा साठला नसता. आणखी काही वर्षं मिळाली असती. बहुतेक."

"कवापासनं ठावं हाय तुला हे?"

"जर्मनीला गेले तेव्हापासून."

"सांगितलं न्हाईस."

"काय सांगणार होते आई? डॉक्टर म्हणाले तेच केलंत तुम्ही. तेव्हा इकडचे डॉक्टरही बहुतेक तेच सांगायचे. तू आणि आजीनं जेवढं केलं तेवढं कुणी करत नाही. ते केलंत म्हणून ते राहिले तेवढे तरी राहिले."

मालन टाकीच्या कट्ट्यावर बसली. तिला वाटलं होतं, उत्तर ऐकून आपण मोडून जाऊ. तसं झालं नाही. तिला एक संध्याकाळ आठवली. शेतात हरभरा काढणी चालली होती, आणि हंबीरराव म्हणाला होता, मला जरा बांधावर न्या, बसून बघतो. बनुबाई म्हणाल्या, वारं लागंल. मालनही म्हणाली, व्हय, वारं लागंल. मग त्याने पुन्हा कधी विचारलं नाही. आज ते आठवून तिला रडू आलं. ते आवरायला थोडा वेळ गेला. अंकिता तिच्याजवळ येऊन नुसती बसून राहिली.

"त्या लोकास्नी परत फोन करू नगंस इतक्यात," मालन शेवटी म्हणाली आणि खाली गेली.

बनुबाई मागच्या अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मालन त्यांच्यासमोर बसली आणि तिनेही चार शेंगा हातात घेतल्या. या घरात येऊन तिला तीसपेक्षा जास्त वर्षं झाली होती. सासूला दुखेल असं ती कधी बोलली नव्हती. तिने मान खाली घालूनच सांगितलं, जे अंकिताने सांगितलं ते, कमी नाही की जास्त नाही.

बनुबाईंचे हात थांबले.

"म्हंजी म्या मारला त्याला?"

"न्हाई आत्याबाई. आपन दोगींनी जपलं त्यास्नी. पर कसं जपायचं ते तवा कुनालाच ठावं न्हवतं. आता हाय. घरातल्या पोरीलाच ठावं हाय."

बनुबाईंच्या ओच्यात हिरवे दाणे तसेच पडून होते. सोललेल्या साली उचलायला गाय मान लांब करत होती, त्यांनी तिलाही हाकललं नाही. मालनला वाटलं, आता या उठून आत जातील आणि आपल्याशी पुन्हा बोलणार नाहीत. बऱ्याच वेळाने बनुबाईंनी दाणे पाटीत ओतले, हौदावर हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि त्या खरंच आत गेल्या. सरळ बाहेरच्या खोलीत. मालन मागोमाग गेली.

"आवं, उठा," बनुबाई कॉटजवळ उभ्या राहून म्हणाल्या.

"न्हाई."

"का न्हाई? दुखतं म्हनून?"

"दुखतं, त्ये हायच." लालासाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. "पोरगी जाऊं दे. ती गेल्यावर उठतो."

"ती जान्याचं आन् तुमच्या उठन्याचं काय?"

लालासाहेबांना खोकला आला. तो थांबेपर्यंत बनुबाई त्यांची पाठ धरून उभ्या राहिल्या. मग ते म्हणाले, "उठताना परत पडलो, हाड मोडलं, तर ती जाईल व्हय? हितंच ऱ्हाईल माझं समदं काढत. पोरं खेळायची तवा ही बापाच्या पायाला तेल लावत बसायची. पुन्यांदा तेच? म्हनून म्हनलं, चार दिस गप पडून काढावं. तिची गाडी गेली की मग काय व्हायचं ते होऊं दे."

अंकिता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. ती कधी खाली आली, कुणी पाहिलं नव्हतं. ती येऊन कॉटच्या काठावर बसली आणि तिने आजोबांचा हात हातात घेतला.

"आबा, असं पडून राहिलात तर मला जाताच येणार नाही. मी आत्ताच त्यांना सांगत होते, येत नाही म्हणून."

लालासाहेबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "असं व्हय?" ते म्हणाले. आपला सगळा हिशेब उलटा निघाल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. "आदी न्हाई का सांगायचंस."

"तुम्ही कुठं कुणाशी बोलताय."

"कसं धरायचं ते दाव," बनुबाई म्हणाल्या. "मला दाव. मी धरते."

अंकिताने काकांचा फौजेतला रुंद पट्टा आणून आजोबांच्या कमरेला बांधला. काखेत धरायचं नाही, इथं पट्ट्याला धरायचं, तिने आजीच्या बोटांना जागा दाखवली. "ओढायचं नाही. उठायचं त्यांनी. आपण फक्त पडू द्यायचं नाही." भामाबाईने वॉकर समोर आणून दोन्ही हातांनी दाबून धरला. मालनने कॉटखालची चप्पल बाजूला सारली.

"दुखंल," बनुबाई नवऱ्याला म्हणाल्या. "वरडायचं तर वरडा. म्या सोडायची न्हाई."

लालासाहेबांनी वॉकरवर हात ठेवले. ते अर्धे उठले, परत टेकले. दुसऱ्यांदा ते उठले, दात ओठात रुतवून, आणि उठलेच. पाय टेकला. ओरडले नाहीत, नुसता घशातून आवाज आला. बनुबाईंचं कपाळ त्यांच्या खांद्याला लागलं होतं, आणि पट्ट्यावरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. उदयसिंह शेतातून आले ते नेमके तेव्हा. दारात थबकले. मग चपला काढून आत आले आणि वडलांच्या मागे, हात लागेल न लागेल एवढ्या अंतरावर, उभे राहिले.

"उदय, उसाला पानी सोडलंस का?" लालासाहेबांनी विचारलं.

"सोडलं आबा."

"मग हितं काय बघतुयास?"

भामाबाई हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. त्या दिवशी लालासाहेब खुर्चीत बसून जेवले. स्वतःच्या हाताने. अंकिताने गच्चीवर जाऊन पुन्हा फोन केला.

उरलेले दिवस घरात जणू शाळाच भरली. सकाळी आणि ऊन उतरताना उठणं, दोन पावलं, मग दारापर्यंत, मग ओट्यापर्यंत. फुंकायची नळी, दीर्घ श्वास, टाच वर, टाच खाली. अंकिता शिकवायची आणि बनुबाई परीक्षा घेतल्यासारखं सगळं परत करून दाखवायच्या. कऱ्हाडची व्यायामवाली बाई पुन्हा बोलावली. तिला या वेळी बनुबाईंनी स्वतः दार उघडलं. खोकला लगेच गेला नाही. डॉक्टरांनी औषध बदललं, काळजी करण्यासारखं अजून थोडं होतंच. पण निघायच्या दिवशी अंकिता पाया पडायला वाकली, तेव्हा लालासाहेब वॉकर धरून उभे होते.

"भ्याव वाटतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय थोडं."

"वाटूं दे. मलाबी वाटतंय रोज उठताना."

मालन फाट्यापर्यंत सोडायला गेली. तिने विचारायचं म्हणून विचारलं, तिथं जेवायला काय असतं. अंकिता म्हणाली, पाकिटातलं, आणि त्या दाबाच्या हवेत जिभेला चवच लागत नाही म्हणे. मालनने पिशवीतून शेंगदाण्याच्या चटणीची डबी काढली. "लसूण जादा घातलाय. लागंल चव." बस आली. दोघींना जे बोलायचं होतं ते गच्चीवर बोलून झालं होतं. मालनने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला चढू दिलं.

फोन आला तेव्हा फेब्रुवारी संपत आला होता. अंकिता पाण्याखाली जाऊन आठवडा झाला होता. दुपारची जेवणं होऊन सगळे ओट्यावर बसले होते. उदयसिंहांनी मोबाईल खुर्चीवर उभा केला. आधी नुसतं निळं निळं दिसलं, मग तिचा चेहरा, मग तिच्या मागची गोल खिडकी आणि खिडकीबाहेर मंदपणे वळणारा माशांचा घोळका. आवाज थोडा वेगळाच येत होता, सर्दी झाल्यासारखा. हवा दाट असते, ती म्हणाली, इथं कुणाला शिट्टीसुद्धा वाजवता येत नाही.

"भोकातनं पानी आलं का वर?" बनुबाईंनी पहिला प्रश्न केला.

"नाही आजी. हे बघ." तिने कॅमेरा खाली वळवला. लोखंडी जमिनीत चौकोनी उघडं पाणी होतं, आपल्याकडच्या हौदासारखं शांत. बनुबाईंनी ते डोळे बारीक करून बराच वेळ पाहिलं आणि मग भामाबाईला सांगायला हवं असं म्हणाल्या.

चटणी संपली होती. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी संपवली. व्यायामाच्या पट्ट्या नीट चालल्या होत्या, फक्त एका पट्टीची स्प्रिंग खाऱ्या हवेने गंजत होती, ती आता दुसऱ्या धातूची करायची. हे सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला होता, की मालनला धातूबितू काही कळलं नाही तरी ती ऐकतच राहिली. मग अंकिताने आजोबांना विचारलं, चालणं कुठवर आलं?

खुर्चीचे हात धरून लालासाहेब उठले, वॉकर पुढे सारला आणि ओट्याच्या टोकापर्यंत गेले. उदयसिंह मोबाईल घेऊन मागोमाग गेले. टोकाला दोन पायऱ्या होत्या. आजवर तिथून ते मागे वळायचे. त्या दिवशी ते थांबले, खाली पाहिलं, आधी वॉकर खालच्या पायरीवर टेकवला, मग पाय. बनुबाई उठल्या होत्या, पण त्यांनी हात पुढे केला नाही. दुसरी पायरी. आणि लालासाहेब अंगणात उतरले.

मोबाईलमधून काहीच आवाज येईना. मालनला वाटलं, फोन तुटला. तिने पडद्यात डोकावून पाहिलं, तर अंकिता तोंडावर हात धरून बसली होती आणि तिच्या मागून दोन परकी माणसं वाकून हेच बघत होती.

लालासाहेब थांबले नाहीत. फाटकाशी शेजारचे नानासो उभे होते, त्यांच्याकडे निघाले. फोन बंद झाल्यावर मालन अंगणात आली, तोवर दोघांचं बोलणं सुरू झालं होतं.

"नात कुठं हाय म्हनायची?" नानासो विचारत होते.

"समुद्राच्या तळाला. आत्ता बोलली की माझ्यासंगं."

"काय करती तिथं?"

लालासाहेबांनी जरा विचार केला. वॉकरवरचा एक हात काढून मिशीवरून फिरवला, परत वॉकरवर ठेवला.

"पुढं मानसं चंद्रावर जायाची हायती," ते म्हणाले. "त्यास्नी पडून ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, म्हनून शिकवती. चल, तुझ्या बांधापत्तुर येतो. ऊस तुटला का बघू."

आणि नानासोंनी फाटक पुरतं उघडून धरलं.